उजव्या खांद्यामागचा कोपरा

मंजुश्री अहमदपूरच्या बसस्टँडवर उतरली तेव्हा शनिवारची संध्याकाळ होती आणि तिला घरी जावंसं वाटत नव्हतं. माहेरी येताना असं तिला आजवर कधी झालं नव्हतं. स्टँडसमोर तिनं आईसाठी द्राक्षं घेतली, चार पावलं गेल्यावर मागं फिरून केळी घेतली, आणि शेवटी रिक्षा न करता चालतच निघाली.

कारण होतं भावाला दिलेला शब्द. अमरेश पुण्यात राहत होता. दोन दिवसांपूर्वी त्याचा फोन आला होता.

"मंजू, तू बसनं जा आणि येताना अप्पांची गाडी घेऊन ये."

"अन् त्यांना काय सांगू?"

"सर्व्हिसिंगला नेते म्हण. एकदा लातूरला आली की आज पार्ट मिळाला नाही, उद्या मेकॅनिक आला नाही, असं करत राहायचं. दोन महिन्यांत सवय मोडंल त्यांची. तोंडावर सांगितलं तर ऐकणारेत का ते?"

ऐकणार नव्हते, हे मंजुश्रीलाही माहीत होतं. म्हणून ती "बरं" म्हणाली होती. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

अप्पा म्हणजे अमृतराव. वय बहात्तर. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची सोयाबीन-तुरीची आडत होती; आता ती भागीदारच बघायचा, पण कपाळाला भस्म लावून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अप्पा रोज सकाळी गाडीनं दुकानात जायचेच. दोन वर्षांपासून त्यांची मान आखडली होती. मागून कुणी हाक मारली तर ते कपाट सरकवावं तसे आख्खेच्या आख्खे वळायचे. आणि महिन्यापूर्वी मोंढ्याच्या कमानीपाशी डावीकडं वळताना त्यांनी एका मोटारसायकलवाल्याला पाडलं होतं. त्याचा कोपर सोलवटला, बाकी काही झालं नाही. अप्पा स्वतःच त्याला दवाखान्यात घेऊन गेले, पट्टी होईपर्यंत थांबले, घरी सोडून आले. पण ती गोष्ट कुणीतरी पुण्यापर्यंत पोचवली, आणि अमरेशची झोप उडाली.

रविवारी नांदेडला मावशीच्या, म्हणजे नागुबाईच्या, नव्या घराची वास्तुशांती होती. तिथं जायचं म्हणूनच मंजुश्री आली होती. निदान घरच्यांना तरी तसंच ठाऊक होतं.

"तू बसनं कशाला आलीस?" दारातच अप्पांनी विचारलं. "तुझी गाडी कुठं हाय?"

"ह्यांना पाहिजे होती," ती म्हणाली. नवऱ्याला, सिद्धेश्वरला, गाडी नको होती. लातूरला त्यांचं चष्म्याचं दुकान घराखालीच होतं. एका खोट्याला दुसरं जोडलं गेलं, आणि अप्पांनी ते काही न विचारता मान्य केलं, याचं तिला जास्त लागलं.

सकाळी निघायच्या वेळी तिनं सहज म्हटल्यासारखं विचारलं, "मी चालवू का अप्पा?"

"का? मला काय झालंय?"

एवढ्यावर ते संपलं. आई, उमादेवी, आपल्या नेहमीच्या जागी मागं बसली. शेजारी ओटीचं सामान, मावशीला नेसवायची साडी, धपाट्यांचा डबा. मंजुश्री पुढं डावीकडं बसली, आणि पट्टा लावता लावता तिनं वडिलांकडं नीट पाहिलं.

आरामखुर्चीत पडावं तसे ते बसले होते. सीट पार मागं, पाठ उताणी. स्टिअरिंगपर्यंत पोचायला दोन्ही हात ताठ, आणि समोरचं दिसावं म्हणून आखडलेली मान पुढं काढलेली. डावा आरसा मिटलेला होता. मोंढ्याच्या गल्लीत हातगाडे घासतात म्हणून तो त्यांनी कधीतरी मिटला होता आणि तसाच राहिला होता. उजव्या आरशात निम्म्याहून जास्त त्यांचंच दार दिसत असणार, हे तिला आरशाच्या तोंडावरूनच कळलं. आतला आरसा तर वेगळ्याच कोनात होता. मागच्या काचेचा त्यात पत्ता नव्हता. तो मागच्या सीटवर रोखलेला होता.

"अप्पा, हा आरसा असा का?"

"कसा?"

"ह्यात मागचा रस्ता कुठं दिसतो तुम्हाला?"

"तुझी आई दिसते की." त्यांनी चावी फिरवली. "मान वळत न्हाई. बोलताना तोंड नको दिसाया?"

मागून उमादेवी हसली. "मी काय बोलते ते ऐकत तर न्हाईत. बघून काय करतेत कुणास ठाऊक."

मंजुश्रीलाही हसू आलं. पण गावातल्या रस्त्यातून जाताना ती सारखी डावीकडं बघत राहिली. सायकल, शेळी, भाजीची पाटी घेतलेली बाई. जे बघायचं काम मिटलेल्या आरशाचं होतं ते ती करत होती. अप्पा मात्र निवांत होते. नांदेडच्या रस्त्यावर सोयाबीनची कोणती गोदामं झाली, कुणाची कुणाला विकली, ते सांगत होते.

गावाबाहेर हमरस्त्याला लागताना ते घडलं. अप्पांनी उजव्या आरशाकडं नजर टाकली आणि गाडी रस्त्यावर घेतली. त्याच क्षणी उजव्या हाताला कर्कश हॉर्न वाजला. एक टेम्पो अंगावर आल्यासारखा आला आणि थेट दुभाजकाला घासत पुढं निघून गेला.

"अप्पा!"

गाडी गचका खाऊन रस्त्याच्या कडेला आली. डब्याचं झाकण निघून धपाटे सीटखाली गेले होते. उमादेवी ते गोळा करत होती.

"काय चालवतेत हे टेम्पोवाले," अप्पा म्हणाले.

"टेम्पो सरळ येत होता अप्पा. तुम्हाला दिसला न्हाई."

"दिसला असता तर मी घुसलो असतो का?"

"तेच म्हणते मी. दिसला का न्हाई?"

पुढं थोड्याच अंतरावर एक धाबा होता. सकाळची वेळ, अजून उघडलेला नव्हता. "तिथं आत घ्या," मंजुश्री म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच दुकानातल्यासारखा वाटला. म्हाताऱ्या माणसाला 'तुम्हाला नीट दिसत नाही' म्हटलं की तो आधी चष्म्याला नावं ठेवतो, मग दुकानाला, मग लाइटला. अशा वेळी वाद घालायचा नाही, काच बदलून पुढं धरायची, हे ती वीस वर्षांत शिकली होती. पण ती गिऱ्हाइकं होती. हे अप्पा होते.

धाब्याच्या मोकळ्या पटांगणात गाडी उभी राहिली. तिनं उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"ब्रेक पूर्ण दाबा."

"कशाला?"

"दाबा तर."

त्यांनी दाबला. "बघा, पाय पार ताठ झाला. खरंच जोरात दाबायची वेळ आली तर पुरायचा न्हाई. गुडघ्यात जरा वाक पाहिजे." तिनं वाकून सीटखालचा दांडा ओढला. सीट हलेना. कितीतरी वर्षांत कुणी ती हलवलीच नव्हती. दोघांनी मिळून हिसका दिला तशी ती खटकन पुढं आली आणि रुळातून सोयाबीनचे दाणे खाली सांडले.

"आता पाठ सरळ करा."

"माझी कंबर दुखते म्हणून मागं केलीय ती."

"पडून बसताय म्हणून मान पुढं काढावी लागते अन् मग दुखतं सगळंच." तिनं सीटच्या बाजूचं चाक फिरवून सीटची पाठ उभी केली. "खांदे टेकवा. आता हात लांब करून मनगट स्टिअरिंगवर ठेवा. खांदा न उचलता पोचतंय न्हवं? बस, एवढंच अंतर."

"शाळेत बाकावर बसवल्यावानी वाटतंय."

"तसंच बसायचं असतं."

डोक्यामागची उशी तिनं वर ओढली. ती आजवर मानेलाच टोचत होती. अप्पांनी डोकं टेकवून पाहिलं, उचललं, पुन्हा टेकवलं.

मग आरसे. मिटलेला डावा आरसा उघडताना करकरला. उजवा तिनं बाहेर वळवला. "ह्यात आपलंच दार बघून काय करायचं अप्पा? ते कुठं जाणार हाय? कडेला बोटभर दिसलं तरी पुरे. बाकी सगळा रस्ता दिसला पाहिजे." शेवटी तिनं आतला आरसा धरला आणि मागची काच चौकटीत बसेपर्यंत फिरवला.

"तुझी आई गेली," अप्पा म्हणाले.

"कुठं गेली? हितं तर हाय मी," मागून उमादेवी म्हणाली.

"आरशातनं गेलीस."

ते त्यांनी हसत म्हटलं नव्हतं. उमादेवीला ते कळलं असावं. तिनं सामान बाजूला सारलं आणि खाली उतरली. "बरं, मी आता कुठं उभी राहू? दिसतंय का न्हाई ते बघून घ्या एकदाचं."

मंजुश्रीनं तिला गाडीच्या मागं, लांब उभं केलं. इरकली साडीचा पदर सावरत उमादेवी उभी राहिली.

"आतल्या आरशात दिसते," अप्पा म्हणाले.

"आता डावीकडनं पुढं ये आई. हळूहळू."

"प्रदक्षिणा घालू का मी?"

"हाव, घाल."

डावीकडं ती आतल्या आरशातून बाजूच्या आरशात आली. अप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कुतूहल दिसलं. "अरे, बेस दिसून राहिलं की! हे असं असतं तर तो मोटारसायकलवाला..."

मग उमादेवी मागून फिरून उजवीकडं आली. आरशात दिसली, मोठी होत गेली, आणि मागच्या दारापाशी येऊन थांबली.

"आता?" मंजुश्रीनं विचारलं.

अप्पांनी आतल्या आरशात पाहिलं, मग उजव्या. पुन्हा आतल्या. "कुठं हाय?"

"मी हितंच हाय की!" उमादेवी इतक्या जवळ होती की तिनं हात लांब केला असता तर त्यांच्या दाराला लागला असता.

"आरसा अजून फिरव," अप्पा म्हणाले.

मंजुश्रीनं फिरवला. आई दिसली, पण मागचा रस्ता गेला. पुन्हा पहिल्यासारखा केला. रस्ता आला, आई गेली.

"आरशात न्हाईच येत तो कोपरा अप्पा. कुणाच्याच गाडीत येत न्हाई. तेवढ्यासाठी खांद्यावरनं बघावं लागतं."

अप्पांनी मान वळवली. ती थोडी वळली आणि अडकली. त्यांनी खांदा वळवला, कमरेतून वळायला गेले, पट्ट्यानं धरलं. कपाळावरच्या भस्मावर घाम आला. बुबुळं डोळ्यांच्या कोपऱ्यात जाऊन थांबली, तरी उमादेवी त्यांच्या नजरेपलीकडंच राहिली.

"राहू द्या," उमादेवी म्हणाली, आणि ती स्वतःच दोन पावलं पुढं त्यांच्यासमोर आली.

दोघी गाडीत बसल्या. मग अप्पांनी गाडी सुरू केली. "चला. पूजा खोळंबंल."

माळाकोळीपर्यंत ते उत्तम चालवत होते, हे मंजुश्रीला मान्य करावंच लागलं. सरळ बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मधूनमधून तिन्ही आरशांवर नजर फिरवत. एकदा तर "मागं ट्रक हाय, जाऊ दे त्याला," म्हणून स्वतःहून कडेला झाले. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण तसं वाटेना. माणूस इतक्या सरळपणानं आपलं ऐकतोय, आणि आपण संध्याकाळी त्याची गाडी पळवणार. ती पायाची बोटं चपलेत आवळत होती, सोडत होती. पट्टा एकदा काढून पुन्हा लावला.

"काय चुळबुळ लावलीस?" अप्पांनी विचारलं.

"काही न्हाई."

लोह्यात चहाला थांबले. रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि टपरीपुढच्या बाकड्यावर बसले. उमादेवी गाडीतच बसून राहिली. तिला बाहेरचा चहा चालत नसे. अप्पांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "मान आज कमी दुखून राहिली. सीटचाच घोळ होता म्हणायचा. बरं झालं तू आलीस."

हे ऐकल्यावर तिला ते आत ठेवणं जमेना.

"अप्पा, मी गाडी घ्यायला आलेय."

"म्हणजे?"

"अमरेश म्हणाला, सर्व्हिसिंगचं सांगून लातूरला ने अन् परत देऊ नको. मी हाव म्हणलं."

अप्पांनी बशी खाली ठेवली. "म्हणून बसनं आलीस."

"हाव."

"तरीच म्हणलं, सिद्धेश्वरला रविवारी गाडी कशाला पाहिजे." आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तो तिकडं लांब बसून काय बी म्हणंल. तू तर रोज फोन करतेस. अप्पा, चावी द्या, असं तोंडानं म्हणायला काय झालं होतं? मी काय मारलं असतं तुला?"

"तुम्ही दिली असती का?"

"न्हाई दिली असती. पण तू मागितली तर असतीस."

ते उठले. चहा बशीत तसाच राहिला. ती मागोमाग गेली, पण तिनं पट्टा लावायच्या आत त्यांनी गाडी सुरू केली होती. त्यांनी उजव्या आरशात पाहिलं. रस्ता मोकळा होता. गाडी निघाली.

"अवो, थांबा!" मागून उमादेवी ओरडली.

ब्रेक लागला. एक मोटारसायकल गाडीच्या नाकासमोरून वेडीवाकडी होत गेली आणि पुढं जाऊन थांबली. मागं बसलेल्या बाईनं एका हातानं पोरीला छातीशी धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याचा शर्ट. कुणी पडलं नव्हतं. गड्यानं वळून पाहिलं. त्याचा राग अप्पांचे पांढरे केस बघून अर्धा झाला असावा. "बघून काढा की वो काका," एवढंच म्हणाला, आणि बायकोला "लागलं का?" विचारून निघून गेला.

अप्पांचे हात स्टिअरिंगवरच होते. इंजिन चालू होतं. मागं एक जीप हॉर्न वाजवत होती.

"आरशात न्हवता तो," ते म्हणाले.

मंजुश्रीनं खांद्यावरनं मागं पाहिलं. तो त्याच कोपऱ्यात होता हे खरं. पण चहाच्या आधी ते असे तडक निघाले नसते, हेही तितकंच खरं होतं. चूक मानेची होती की तिनं नको त्या वेळी तोंड उघडल्याची? ती पोरगी चार-पाच वर्षांची होती, लाल फ्रॉकमधली. तिचा चेहरा मंजुश्रीच्या डोळ्यांपुढून हलेना.

अप्पांनी इंजिन बंद केलं, पट्टा सोडला, आणि दार उघडण्याआधी आरशात पाहून, थांबून, हळूच उतरले. गाडीला वळसा घालून तिच्या दारापाशी आले.

"तू घे," ते म्हणाले.

ती उजवीकडं गेली. तिचे पाय पोचेनात म्हणून तिनं सीट अजून पुढं ओढली, आरसे आपल्यापुरते केले. अप्पा शेजारी बसले. अख्ख्या आयुष्यात स्वतःच्या गाडीत ते डावीकडं बसले नव्हते. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग घडी घातली, मग वरच्या कडीला धरलं. सोनखेडच्या पुढं गाई रस्त्यात आल्या तेव्हा त्यांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर असा दाबला गेला की उमादेवी मागून म्हणाली, "तिथं ब्रेक न्हाई बरं का."

"ठाऊक हाय."

विष्णुपुरी येईपर्यंत ते एवढंच बोलले. मग म्हणाले, "तिसऱ्यात घे. चढ हाय."

वास्तुशांती व्यवस्थित झाली. नागुबाईनं नवं घर खोली-खोली करून दाखवलं. जेवताना कुणीतरी विचारलं, "अप्पा, गाडी तुमीच आणली का?" मंजुश्रीचा घास हातात राहिला. "मंजीनं आणली," अप्पा म्हणाले. "चांगली चालवते. मीच शिकवलीय." आणि ते भाताकडं वळले. दुपारभर ते गच्चीत एकटेच फिरत होते. मंजुश्री दोनदा जिन्यापर्यंत गेली आणि परत आली.

परतीच्या वाटेवर उमादेवी आपण होऊन पुढं बसली आणि अप्पा मागं. "तोंड बघायला वळावं लागतं त्यांना," ती म्हणाली, "आता मीच वळून बोलते. माझी मान चांगली हाय." खरंच ती वाटभर मागं वळून बोलत राहिली, मावशीच्या स्वयंपाकघरातल्या फरशीबद्दल, तिच्या जावयाच्या तब्येतीबद्दल. अप्पा "हं" म्हणत होते. लोहा आलं तेव्हा मात्र ती पुढं वळून बसली.

घरी पोचल्यावर अप्पांनी तिच्या हातातली चावी घेतली, ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडं सरकवली.

"ने. अमरेशला सांग, काम झालं."

हेच घ्यायला ती आली होती. आता समोर होतं. तिनं चावीकडं पाहिलं, वडिलांकडं पाहिलं. ते दाराकडं बघत उभे होते.

"असं न्हाई घेत मी," ती म्हणाली.

"मग कसं घेणार? पूजा करून देऊ?"

"अप्पा, रोडला काढू नका. लोहा, नांदेड, लातूर, कुठंच न्हाई. तिकडं जायचं असलं की मला फोन करा, मी येते. गावात दिवसा मोंढ्यापर्यंत जावा. हळू. आरशांवर लावायचे ते गोल छोटे आरसे मिळतात, ते मी पाठवते. त्यानं तो कोपरा थोडा तरी दिसतो. पण थोडाच. अन् मान लई दुखंल त्या दिवशी गाडी काढायचीच न्हाई."

"कुणी ठरवायचं लई दुखते का थोडी?"

"तुम्ही."

अप्पांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चावी ओट्यावरच राहिली आणि मंजुश्री बसनं लातूरला गेली.

चाकूरच्या आसपास अमरेशचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं. तो आधी ऐकत राहिला, मग भडकला. "तुला एक काम सांगितलं होतं मंजू. आज ती पोरगी चाकाखाली गेली असती, आणि तू चावी तिथंच ठेवून आलीस?"

"हाव."

"का?"

"मला न्हाई माहीत. चोरून आणायची माझ्यानं झाली न्हाई. तुला आणायची असंल तर तू ये अन् त्यांच्या तोंडावर माग."

तिला वाटलं तो फोन ठेवेल. त्यानं ठेवला नाही. बसच्या खिडकीची काच खडखडत होती. "बघतो," तो शेवटी म्हणाला.

आणि तो आला. गुढीपाडव्याला, दोन दिवस रजा काढून. त्याचं आणि अप्पांचं काय बोलणं झालं ते मंजुश्रीला तुकड्या-तुकड्यांनीच कळलं. पहिल्या दिवशी दोघं भांडले, जेवणावरून उठले. दुसऱ्या दिवशी अप्पांनी त्याला गाडीत बसवून मोंढ्यात नेलं, तिथून मठात, आणि परत घरी. संध्याकाळी अमरेशचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता.

"चालवतात तसे बरे," तो म्हणाला. "गोल आरसेही बसवलेत. माझ्यापेक्षा जास्त वेळा बघतात आरशात. पण वळताना पार थांबतात, आणि मागचे हॉर्न वाजवतात, आणि मग ते घाबरतात. मला बघवेना. चावी मागितली मी. म्हणाले, दिवाळीपर्यंत थांब, लायसनची मुदत तेव्हा संपते, मग नवीन करणार न्हाई."

"मग?"

"मी हो म्हणालो. बरोबर केलं का आपण?"

"मला न्हाई माहीत," मंजुश्री पुन्हा तेच म्हणाली.

तेव्हापासून अहमदपूरचा रोजचा फोन ती सकाळी दुकान उघडलं की लगेच करते. कुठं आहात विचारते. अप्पा म्हणतात, दुकानात. कसे गेलात, असं ती विचारत नाही. ते त्यांना आवडत नाही. पण बहुतेक वेळा ते स्वतःच सांगतात. "आज चालत आलो, मान धरलीय." किंवा, "आज गाडी आणलीय." चालत आले म्हणाले की ती निवांत कामाला लागते, आणि मग त्या उन्हात ते एवढं चालले याचं वाईट वाटत राहतं. गाडीनं आले म्हणाले की तिचा जीव दिवसभर वरखाली होतो. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना एक कान फोनकडं असतो. सिद्धेश्वर म्हणतो, अगं, नसती काळजी करतेस. ती मान हलवते.

काल त्यांनी सांगितलं, गाडी आणलीय. दुपारपर्यंत परतल्याचा फोन आला नाही. तिनं दोनदा लावला, कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा उमादेवीनं उचलला.

"आले का घरी?"

"कवाच आलेत. जेवून झोपलेत. का गं?"

"काही न्हाई," मंजुश्री म्हणाली. काउंटरपलीकडं एक आजोबा नवा चष्मा घालून वर्तमानपत्र कधी जवळ, कधी लांब धरत होते. ती त्यांच्याकडं वळली. "दिसतंय का बाबा? न्हाई? थांबा, जरा काढा, बघू."